अडीच सुताचा बोल्ट घेऊन धुळ्याला

धुळ्याला कोणी हवापालटासाठी जात नाही. मी स्वतः पन्नासेक वेळा गेलो असेन. लग्नाला गेलो, मयतीला गेलो, इंजिनाचा पिस्टन आणायला गेलो. त्यावर कधी लिहावं असं वाटलं नाही. पण या खेपेला काय झालं ते जळगावात मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरायला येणारी मंडळी पाच तऱ्हांनी सांगतात आणि पाचही चूक. एकाच्या मते तर शर्यतीत गाडीही मी चालवली. म्हणून आमच्या बुद्धविहाराच्या हस्तलिखित अंकासाठी मीच लिहून देतो. माझी शाळा चौथीपर्यंत. अंकाच्या बाईंना सांगून ठेवलंय, वेलांट्या तुमच्या, शब्द माझे. शब्दाला हात लावायचा नाही.

मेहरूण, शुक्रवार

प्रज्ञा माझी नात, मुलीची मुलगी. दवाखान्यात एक्स-रे काढते. दोन वर्षांपूर्वी तिने एक जुनी डर्ट बाईक घेतली. ही गाडी काय चीज आहे ते आधी सांगायला पाहिजे, पण ते मलाच अजून नीट कळलेलं नाही. हिला दिवा नाही, आरसा नाही, नंबर नाही. रस्त्यावर चालवायला बंदी. मग घ्यायची कशाला? तर मातीच्या उंचवट्यांवरून उडवायला. मातीत चालणारी गाडी म्हणजे ट्रॅक्टर, एवढंच मला ठाऊक.

रविवारी सकाळी सोनगीरच्या पुढे माळावर शर्यत होती. प्रज्ञा पहिल्यांदा उतरणार होती. शर्यतीआधी तपासणारे येतात, हँडल धरून हिसडतात. जरा हललं की गाडी बाहेर. हे हँडल एका क्लॅम्पमध्ये चार बोल्टांवर धरलेलं असतं. शुक्रवारी सकाळी गाडी धुताना तिने ते बोल्ट काढले आणि त्यातला एक घरंगळत गटारात गेला. "संध्याकाळी नवा आणते आबा, गाडीला हात लावू नका," असं सांगून ती कामाला गेली.

आता चाळीस वर्षं ज्याने आसपासच्या गावांची ऑइल इंजिनं उघडली आणि बसवली, त्याला हात लावू नका म्हणजे काय? माझ्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या मापाचे बोल्ट आहेत. आमचं माप सुताचं. हल्लीच्या पोरांना सूत म्हणजे शिवायचा दोरा वाटतो, म्हणून सांगतो. इंचाचे आठ भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. तिच्या उरलेल्या तीन बोल्टांतला एक मी माझ्या अडीच सुताच्या बोल्टाशेजारी धरला. जाडी तीच. नख फिरवून बघितलं, फरक लागेना.

माझा बोल्ट क्लॅम्पच्या भोकात लावला, दोन-तीन फेरे हाताने गेला. मग अडला. अडला की थांबायचं, हे मी शंभर जणांना शिकवलंय. पण तिच्या पेटीतला तेरा मिलिमीटरचा पाना बोल्टाच्या डोक्यावर जरा खुळखुळत बसत होता. मला वाटलं, पानाच हलका. पान्याला पाईप जोडला आणि दाबलं.

आत 'कट' असा आवाज झाला. त्यानंतर बोल्ट लोण्यात फिरावा तसा गरागरा फिरायला लागला.

बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत पांढऱ्या धातूचा कीस भरलेला, साडीची जर निघावी तसा. भोकातले आटे सगळे त्याच्यासोबत बाहेर आले होते. मी भोक पुसलं, बोल्ट बंडीच्या खिशात टाकला आणि पाईप जागेवर ठेवला.

संध्याकाळी प्रज्ञाने नवा बोल्ट लावला. तो फिरतच राहिला. ती पायरीवर बसली.

"गेले आटे. काढायच्या आधी मीच जोरात आवळून बघितलं होतं आबा. मीच घालवले."

मी म्हणालो, "अ‍ॅल्युमिनियम ना, नरम असतं."

एवढंच बोललो. त्यात खोटं काही नव्हतं.

पारोळ्याजवळ, शनिवार

जळगावात दोघांना विचारून झालं होतं. एक म्हणाला पूर्ण क्लॅम्प बदला, आठ दिवसांत येईल. दुसरा म्हणाला वेल्डिंग मारून नवं भोक पाडू, चुकलं तर बोलायचं नाही. कोणीतरी धुळ्याच्या एका टर्नरचं, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याचं, नाव सांगितलं, की तो गेलेले आटे परत आणतो. म्हणून शनिवारी अर्धी सुट्टी टाकून, शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये गाडी बांधून आम्ही निघालो. चालवायला प्रज्ञाच.

"आबा, तुम्ही कशाला दगदग करता?"

"मिस्त्रीशी बोलायला माणूस लागतो. तू काय विचारणार त्याला?"

खरं म्हणजे मी का निघालो ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. बोल्ट घरी ठेवायचा तोही खिशातच राहिला.

रस्ता ओळखू येत नाही. आधी एरंडोल आलं की उतरायचं, चहा प्यायचा, मग निघायचं. आता रस्ता गावाच्या बाहेरूनच जातो. मी एरंडोलची वाट बघत बसलो आणि प्रज्ञा म्हणाली, ते मागे गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका, मधेच केळीचा हिरवा पट्टा, आणि गाव कुठेच नाही. मला तर वाटायला लागलं की आपण चुकून भुसावळकडेच चाललोय. सूर्य कुठल्या अंगाला आहे ते बघून खात्री केली.

पारोळ्याजवळ पिकअपचं चाक बसलं. जुना रस्ता जिथे नव्याला मिळतो तिथे एक गॅरेज होतं, मालक गुलाबभाऊ. पन्नाशीचा माणूस, बोलणं अहिराणी, हात चालू तसं तोंडही चालू. पंक्चर काढता काढता त्याने मागची गाडी बघितली.

"आबा, हाई काय शे? सायकल शे का फटफटी?"

"शर्यतीची शे," मी म्हणालो. "हँडलना आटा ग्यात."

प्रज्ञाने त्याला भोक दाखवलं. तो हसला. "ताई, एवढासाठे धुये जाई राह्यनात? बोल्टले सूत गुंडाळी देस. धुयालोंग काय, आग्रालोंग जाई."

म्हणजे दोरा गुंडाळून देतो, आग्र्यापर्यंत जाईल. आणि खरोखर त्याने शिवणाचा पांढरा दोरा काढला, कसल्याशा डिंकात बुडवला, बोल्टाला गुंडाळला आणि बोल्ट भोकात घट्ट बसवून दिला. प्रज्ञाचा चेहरा उजळला. तरी तपासणाऱ्यांच्या हिसड्यापुढे दोरा नको, धुळ्याला दाखवूच, म्हणाली. माझं लक्ष गॅरेजच्या कोपऱ्याकडे होतं. तिथे एक जुनं ऑइल इंजिन उभं होतं, लाकडी ठोकळ्यांवर. त्याच्या पाण्याच्या टाकीचा पत्रा तीन बोल्टांवर होता आणि चौथ्याच्या जागी तार बांधलेली.

मी लांबूनच ओळखलं, अडीच सूत. हात खिशाकडे गेला. पण प्रज्ञा शेजारी उभी होती. बोल्ट काढला असता तर ती विचारणार, आबा हा कुठला? मी हात मागे घेतला. गुलाबभाऊला इंजिनाबद्दल एक शब्दही विचारला नाही. इंजिन दिसलं आणि मी बोललो नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

धुळे, त्याच दुपारी

धुळ्यात आधी शेवभाजी खाल्ली. आमच्या जळगावकडे भरीत म्हणजे हिरव्या मिरचीचा तिखटपणा, तो जिभेवर चढतो आणि उतरतो. धुळ्याचा रस्सा काळ्या मसाल्याचा. तो आधी काही सांगत नाही, भाकरी संपल्यावर कानातून निघतो. प्रज्ञा रडत रडत खात होती आणि हसत होती. मला घास उतरत नव्हता. ढाब्यावाल्याला वाटलं मला तिखट लागलं. त्याने न सांगता दही आणून ठेवलं. माझा अपमान झाला, पण दही खाल्लं.

त्या टर्नरचं, युनूसभाईंचं, दुकान एका बोळात. बोळात तीन दुकानांवर 'टर्नर' लिहिलेलं आणि तिघंही म्हणाले, युनूसभाई पुढे. चौथं त्यांचं, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. लेथ मशीन, बसायला एक मोडा. युनूसभाईंचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, दाढी पांढरी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील.

त्यांनी आधी पारोळ्याचा बोल्ट बाहेर काढला. हाताच्या एका हिसक्यात आला, दोऱ्यासकट. मग छोटी बॅटरी भोकात मारून बराच वेळ बघत राहिले. आत सुई घातली, सुईच्या टोकाला काय लागतं ते बोटाने ऐकल्यासारखं केलं.

"बेटी, ये मिलीमीटर की मार नहीं है. इसमें किसी ने सूत डाला है."

"हो ना चाचा," प्रज्ञा एकदम बोलली. "पारोळ्याच्या त्या माणसाने! गुंडाळला सूत आणि बसवला ठोकून. मला तेव्हाच शंका आली होती. त्यानेच उरलेसुरले आटे खाल्ले."

मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. काय झालं ते मला पहिल्यांदा समजलंच नाही. युनूसभाई म्हणत होते सूत, ती म्हणत होती सूत, आणि दोघं वेगळ्या गोष्टी बोलत होते. ते इंचाचं सांगत होते, ती दोऱ्याचं. आणि मधल्यामध्ये तो बिचारा गुलाबभाऊ गुन्हेगार ठरला होता. मी गप्प राहिलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. शब्दानेच मला सोडवलं होतं.

युनूसभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. माझ्या हातांकडे. इंजिनवाल्याचे हात लपत नाहीत, नखांतलं काळं मरेपर्यंत जात नाही.

"आता असं आहे," ते मराठीत बोलायला लागले, म्हणजे मला नीट कळावं म्हणून असेल. "मी आत ड्रिल घालणार. भोक मोठं करणार, मोठे आटे पाडणार, आणि त्यात तारेची स्प्रिंग बसवणार. स्प्रिंगच्या आत पुन्हा तुमचा तोच बोल्ट बसेल. पण आधी एक सांगा. सुईला तळाशी काहीतरी कडक लागतंय. ते टोक आहे की भोकाचा तळ, मला दिसत नाही. जो बोल्ट घातला होता त्याचं टोक तुटून आत राहिलं असेल, तर माझं ड्रिल त्याच्यावरून घसरणार आणि क्लॅम्पच्या बाहेर निघणार. मग क्लॅम्प गेला. तुमच्याकडे दुसरा आहे?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "पण काही तुटलेलं नाही चाचा, हा बघा माझा बोल्ट, पूर्ण आहे."

"हा नाही बेटी. दुसरा."

"दुसरा कुठला?"

मी खिशात हात घालून बोल्टाच्या टोकावरून अंगठा फिरवत होतो. टोक खरखरीत लागत होतं. पण तो बोल्ट मीच कधीतरी करवतीने कापला होता, की त्या 'कट' आवाजात तुटला होता? आठवेना. चाळीस वर्षांत किती बोल्ट कापले. अंगठ्याला काही सांगता येईना. कालपासून जो आवाज मला आट्यांचा वाटत होता तो टोकाचा असला तर? लेथ बंद होता, बोळात कोणी पत्रा कापत होतं.

मी बोल्ट काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"अडीच सूत," मी म्हणालो. "शुक्रवारी मी घातला. पान्याला पाईप लावून."

प्रज्ञाने हातातला स्वतःचा बोल्ट खाली ठेवला. युनूसभाईंनी बोल्ट प्रकाशात फिरवला, टोकाला नख लावलं, मापाची पट्टी लावली. मग टोक मला दाखवलं.

"करवत का कट है. सफाई देखो. टूटा नहीं है." मग कीस अडकलेले आटे मोजले. "नौ आटे अंदर गया था. बस, अब मैं जानता हूँ कहाँ रुकना है. अच्छा किया चाचा, नहीं तो मैं हाथ नहीं लगाता."

ते कामाला लागले. मी बघत होतो, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. आमच्या वेळी असं झालं की पितळेचा बुश, म्हणजे नळी, घालायचे किंवा सरळ मोठा बोल्ट. इथे तर भोकात स्प्रिंग! पेनातल्या स्प्रिंगएवढी, पण घट्ट आणि चौकोनी तारेची. ती एका दांड्यावर चढवून आत फिरवली. तिला खाली एक छोटं शेपूट असतं, त्याला धरून ती आत जाते. बसल्यावर ते शेपूट मोडून टाकतात. 'टिक' असा आवाज आला आणि मी ओरडलो, "तुटलं!"

"तुटायलाच पाहिजे आबा," प्रज्ञा म्हणाली.

शुक्रवारनंतर मला वाटायला लागलं होतं की आतून येणारा प्रत्येक आवाज म्हणजे नुकसान. नवा बोल्ट त्या स्प्रिंगमध्ये हाताने गेला, शेवटपर्यंत. युनूसभाईंनी पाना माझ्या हातात दिला नाही. पण निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "कलाई से कसना चाचा, कंधे से नहीं." आणि माझा तो अडीच सुताचा बोल्ट परत माझ्या हातात ठेवला. मला तो नको होता. पण टाकताही येईना.

बोळाच्या तोंडाशी प्रज्ञा थांबली.

"कालपासून मी स्वतःला शिव्या देत होते. तुमच्यासमोर."

उत्तराची वाट न बघता ती पिकअपकडे गेली.

अक्काच्या घरी

त्या संध्याकाळी धुळ्यातच माझ्या बहिणीकडे मुक्काम होता. ती माझ्याहून धाकटी, पण सगळा मोहल्ला तिला अक्का म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. तिने फुणके केले होते, तुरीच्या डाळीचे, वाफवलेले, वर कढी. आमच्याकडे फुणके लसणात परततात. अक्का म्हणते परतलेले फुणके म्हणजे भजी, ते फुणके नव्हेत. या विषयावर आमचं तीस वर्षं भांडण आहे. त्या दिवशी मी भांडलो नाही.

"भाऊ, तोंड कसाले उतरेल शे?" तिने विचारलं. "जेवण चांगलं नही का?"

"फुणके बेस शेत," मी म्हणालो.

ती भांडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग प्रज्ञाला विचारलं, "तुना आजा आजारी शे का?" प्रज्ञाने मान हलवली आणि वाढून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

सोनगीर, रविवार

सकाळी सोनगीरच्या रस्त्याला लागलो. डाव्या-उजव्या बाजूला टेकड्या, एकीवर किल्ल्याची तटबंदी. गावात पूर्वी तांब्यापितळेच्या भांड्यांचा ठोकण्याचा आवाज असायचा. मला वाटलं तोच ऐकू येतोय. पुढे गेल्यावर कळलं की ती शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं आहेत.

माळावर मुरमाचे ढीग, मधून चाकोऱ्या. बायकांच्या गटात नऊ जणी. तपासणारे अजून दूर होते. प्रज्ञाने पेटी उघडली, क्लॅम्पचे चारही बोल्ट हाताने लावले. मग तेराचा पाना माझ्यापुढे धरला.

"आवळा आबा."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? ही शिक्षा होती, की मान होता, की नुसतं काम? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारणार होतो. पण पाना घेतला. नव्या बोल्टावर तो खुळखुळला नाही. तिथेच मला लख्ख कळलं की शुक्रवारी पाना हलका नव्हता, बोल्ट दुसऱ्या मापाचा होता. पान्याने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

मनगटाने आवळले. एक थोडा, मग समोरचा थोडा, मग परत. जिथे हात म्हणाला बस, तिथे थांबलो. तपासणारा आला, त्याने हँडलला हिसडा दिला, दुसऱ्यांदा दिला, आणि पास झाल्याची चिकटपट्टी लावून पुढे गेला.

शर्यत मला अजिबात समजली नाही. सगळ्यांची डोकी टोपात, अंगावर धूळ. दोन फेरे मी ज्या पोरीसाठी टाळ्या वाजवल्या ती प्रज्ञा नव्हतीच. शेजारी उभ्या बाईने सांगितलं, "बाबा, ती माझी सून आहे." पुढे दिसत होत्या त्या मागे होत्या, म्हणे, एक फेरा मागे. तिसऱ्या फेऱ्यात एक गाडी उंचवट्यावरून वाकडी उतरली आणि आडवी पडली. हँडल जमिनीत रुतलं. ती मात्र प्रज्ञा होती. मी दोरीखालून आत जायला निघालो, कोणीतरी बंडी धरून मागे ओढलं. तोवर ती उठली, गाडी उचलली, पाय मारला, गेली.

सहावी आली. परत आल्यावर टोप काढला तर तोंडावर टोपाच्या आकाराची स्वच्छ जागा आणि बाकी सगळा मुरूम. तिने मला पुढचं चाक गुडघ्यांत धरायला लावलं आणि हँडलला स्वतः हिसडा दिला. जोरात. मग आणखी जोरात.

"हललं नाही," ती म्हणाली.

धुळ्याच्या त्या बोळानंतर ती माझ्याशी दोनच वेळा बोलली होती. आवळा, आणि हे. मी चाक सोडलं नाही, तिने हँडल सोडलं नाही.

परतताना, पारोळ्याजवळ

"गाडी थांबव," मी म्हणालो.

"इथे? कशाला?"

"त्या माणसावर आपण आळ घेतला."

"आळ मी घेतला आबा. आणि त्याला ठाऊकसुद्धा नाही."

"म्हणून सांगायचं."

गुलाबभाऊ जेवायला बसला होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, की धुळ्याच्या मिस्त्रीने दोष सुताचा सांगितला, आम्हाला वाटलं तुझ्या सुताचा, पण तुझं सूत निर्दोष होतं, दोष माझ्या सुताचा. त्याचा घास हातातच राहिला. त्याने प्रज्ञाकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"कोनता सूत आबा?"

"अडीच," मी म्हणालो आणि खिशातून बोल्ट काढून त्याच्यापुढे धरला.

तो ताटावरून उठला. हात न धुता बोल्ट घेतला. "हाऊ तं अडीच सूत शे! कोठे भेटना तुमले? मना बापना इंजिनले तीन वरीस पासून धुंडी राह्यनू. बजारमा बठ्ठा मिलिमीटर." बठ्ठा म्हणजे सगळा.

मी कोपऱ्यात गेलो. तार सोडली. बोल्टातला पांढरा कीस काडीने काढून टाकला, फुंकर मारली, भोकावर धरला. पाना मागितला नाही. बोटांनीच फिरवत गेलो आणि तो डोक्यापर्यंत आत गेला, कुठेही अडला नाही.

मागून प्रज्ञा बघत होती. "आबा," ती म्हणाली, "आता मनगटाने."